लाइट गेली की लॅपटॉप हायबरनेट होतोय, उठताना मात्र कोरा (उबंटू २२.०४)

जॅकार्डवाला_सोलापूर | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. सोलापुरात चादरीच्या कारखान्यांना जॅकार्डची (कार्डांच्या साखळीवरनं नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइनं करून देतो. वडील चौकटीच्या कागदावर ब्रशनं एकेक घर भरायचे, मी तेच गिंप ह्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. एक पिक्सेल म्हणजे एक घर. आडवी घरं हूक (उभे धागे उचलणारे आकडे), उभी घरं पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी). वडिलांची मान दुखायची, माझे डोळे दुखतात, एवढाच फरक.

तर प्रश्न असा. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारची लाइट जाते. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. कारखान्यात लाइट गेली की माग आहे तिथं थांबतो. कार्डाची साखळी जिथं असेल तिथं. लाइट आली की कामगार बटण दाबतो आणि त्याच पिकापासून कापड पुढं निघतं. मला लॅपटॉप अस्सा पाहिजे. बस्स.

लॅपटॉप जुना आहे, नवी पेठेतनं सेकंडहँड घेतलेला. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बॅटरी म्हातारी झालीय, लाइट गेल्यावर दहा-बारा मिनिटं तग धरते. ते पण सरळ नाही. शंभरवरनं तीसपर्यंत हळूहळू उतरते आणि तीसला आली की धाडकन बंद. झाकण लावून झोपवून ठेवला तर रॅमला करंट लागतोच, म्हणजे ते आपल्या कामाचं नाही. म्हणून हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा हायबरनेटची कमांड दिली तर मशीन सरळ नाही म्हणालं. भाच्यानं बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (सुरू होतानाची सही-तपासणी) बंद केलं. मग स्वॅप (रॅममधलं उतरवायची डिस्कवरची जागा) कमी पडतंय असं आलं. स्वॅपफाइल २ जीबीची होती, ती काढून १० जीबीची केली. ग्रबच्या (सुरू होताना कोणती सिस्टम लावायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये रिझ्यूमची (कुठनं उठायचं ते सांगणारी) ओळ टाकली, अपडेट-ग्रब केलं. आता कमांड दिली की स्क्रीन काळी होते, वीसेक सेकंद डिस्कचा दिवा लुकलुकतो, मशीन बंद. इथवर झकास. पण बटण दाबलं की नवंच सुरू होतं! लॉगिन, रिकामा डेस्कटॉप, गिंप बंद. जणू काही झालंच नाही.

अजून एक. हे सगळं केल्यापासनं सुरू व्हायला अर्धा मिनिट जास्त लागायलंय. त्याचा ह्याच्याशी संबंध नसेल, पण सांगून ठेवतो.

उबंटूसोबत विंडोजपण आहे ह्याच मशीनवर. पंचिंगचं (डिझाइनवरनं कार्डांना भोकं पाडायचं) सॉफ्टवेअर फक्त त्यावर चालतं, म्हणून डिझाइनं डी ड्राइव्हवर ठेवतो, दोन्हीकडनं उघडता येतात.

फोरमवर मराठी कीबोर्डनं लिहितोय, कमांड पण देवनागरीतच टाकतो. समजून घ्या.


बिनधास्त_बूट | सोमवार, रात्री १०:०५

दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा. विषय संपला.


जॅकार्डवाला_सोलापूर | सोमवार, रात्री १०:११

सेव्ह करतोच की ओ मालक. पण चार डिझाइनं एकदम उघडी असतात, एकात बॉर्डर, एकात मधला बुट्टा, तिसऱ्यात ग्राहकानं पाठवलेला फोटो मोठा करून लावलेला. प्रत्येकाचं झूम वेगळं, लेयर वेगळा. दोन हजार पिकांच्या ग्राफात मी कुठल्या घरावर होतो ते सेव्ह कुठं होतंय? ते शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात. दिवसातनं तीनदा लाइट गेली की हिशोब करा.


टर्मिनल_भाऊ | सोमवार, रात्री १०:५०

दादा, प्रश्न लई नीट मांडलाय. तो 'अर्धा मिनिट जास्त' तुम्ही उगाच शेवटी ढकललात. माझा अंदाज आहे की सगळी मेख तिथंच आहे.

तीन गोष्टी करून इथं उत्तरं टाका. कमांड मीही देवनागरीत लिहितोय, टाकताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

कॅट /सिस/पॉवर/रिझ्यूम

सुडो जर्नलसीटीएल -बी | ग्रेप -आय स्वॅप

आणि ग्रबमध्ये टाकलेली ओळ जशीच्या तशी. शिवाय त्या ओळीतला यूयूआयडी (ओळख-क्रमांक) तुम्ही आणला कुठून, तेही सांगा. आणि सुरू होताना पडद्यावर काही अक्षरं येत असतील तर मोबाईलनं फोटो काढून वाचा.


जॅकार्डवाला_सोलापूर | मंगळवार, सकाळी ७:३०

आज आमची नळाची पाळी होती, पाणी भरून झाल्यावर बसलो.

पहिल्याचं उत्तर ०:० एवढंच.

दुसऱ्यात बऱ्याच ओळी, पण एक वेगळी दिसली. इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो: 'स्वॅपऑन: /स्वॅपफाइल: सॉफ्टवेअर सस्पेंड डेटा डिटेक्टेड. रिरायटिंग द स्वॅप सिग्नेचर.'

सुरू होताना काळ्या पडद्यावर 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' असं येतं आणि मग पुढं जातं.

ओळीत मी रिझ्यूम=यूयूआयडी= पुढं लांबलचक नंबर आणि रिझ्यूम_ऑफसेट= पुढं १७१४१७६ टाकलंय. ऑफसेट फाइलफ्रॅगनं काढला. यूयूआयडी एमकेस्वॅप (स्वॅप तयार करायची कमांड) केल्यावर त्यानंच खाली छापला होता, तोच उचलला.


टर्मिनल_भाऊ | मंगळवार, सकाळी ९:१५

सापडलं. एमकेस्वॅपनं छापलेला यूयूआयडी हा त्या स्वॅपचा स्वतःचा शिक्का. स्वॅपचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) असतं तेव्हा तोच टाकायचा असतो, म्हणून बरेच जण इथं फसतात. तुमचं स्वॅप म्हणजे पार्टिशनवरची एक फाइल. सुरू होताना मशीनला आधी कळायला हवं की ती फाइल कोणत्या पार्टिशनवर आहे. म्हणून यूयूआयडी द्यायचा पार्टिशनचा, आणि त्या पार्टिशनवर फाइल कुठून सुरू होते ते सांगायचं ऑफसेटनं. पत्त्यात गल्लीचं नाव लिहायच्या जागी तुम्ही घरमालकाचं नाव लिहिलंत. पोस्टमन तीस सेकंद उभा राहतो, हाक मारतो, निघून जातो. तो अर्धा मिनिट म्हणजे हा पोस्टमन.

मग झोपताना कसं जमत होतं? कारण ती बाजू सिस्टमडी (उबंटूतल्या सेवा चालू-बंद करणारा व्यवस्थापक) सांभाळतं. रिझ्यूमची जागा कोणी ठरवली नसेल (तुमचं ०:० म्हणजे तेच) तर ते चालू स्वॅपमधलं योग्य ते स्वतः शोधतं आणि रॅमचं चित्र तिथं उतरवतं. तेव्हा सगळी सिस्टम जागी असते, शोधणं सोपं. उठताना जागं असतं फक्त कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि इनिट्रॅमएफएसची (सुरू होताना लागणाऱ्या मोजक्या फायलींची) चिमुकली शिदोरी. तिच्याकडं तुमच्या ओळीशिवाय दुसरा पत्ता नाही. पत्ता चुकला की साधं बूट होतं.

आणि ती सिग्नेचरची ओळ बघा. तुमची चारही डिझाइनं, झूमसकट, स्वॅपफाइलमध्ये नीट उतरली होती. साध्या बूटमध्ये स्वॅप चालू करणाऱ्यानं पाहिलं की इथं झोपेचा डेटा पडलाय, कोणी न्यायला आलं नाही, आणि वरचा शिक्का पुसून जागा पुन्हा वापरायला घेतली. म्हणजे हायबरनेट झालंच नव्हतं असं नाही. रोज होत होतं, रोज टाकून दिलं जात होतं.

आता करा असं:

फाइंडएमएनटी -एनओ यूयूआयडी -टी /स्वॅपफाइल

हा जो यूयूआयडी येईल तो खरा. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट च्या अवतरणांच्या आत जुना काढून हा टाका. ऑफसेट पुन्हा एकदा बघून घ्या:

सुडो फाइलफ्रॅग -व्ही /स्वॅपफाइल | हेड

शून्य क्रमांकाच्या ओळीत फिजिकल ऑफसेटच्या रकान्यातला पहिला आकडा. त्याला चिकटलेली दोन टिंबं घ्यायची नाहीत. शेवटच्या रकान्यातला किंवा लॉजिकल रकान्यातलाही नाही.

/ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम अशी फाइल असेल तर तिच्यातही रिझ्यूम=यूयूआयडी= पुढं हाच. नसेल तर बनवा. मग सुडो अपडेट-ग्रब, सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल, आणि साधं रीस्टार्ट. रीस्टार्टनंतर पहिली कमांड पुन्हा द्या. ०:० च्या जागी खरा जोड आकडा दिसला तर समजा पत्ता लागला. मगच हायबरनेट करून बघा, आणि पहिल्यांदा गिंप नको, एखादी रिकामी नोट उघडी ठेवून.

भाच्यानं सिक्युअर बूट बंद केलं ते बरोबर. ते चालू असलं की उबंटूचं कर्नल लॉकडाउनमध्ये जातं आणि हायबरनेटला साफ मनाई करतं. डिस्कवर पडलेल्या रॅमच्या चित्रात कोणी मधल्या मध्ये ढवळाढवळ केली तर ती कर्नलला ओळखता येत नाही, म्हणून. खूण अशी की /सिस/पॉवर/डिस्क वाचलं तर चौकटी कंसात 'डिसेबल्ड' येतं.


कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ९:४८

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. एक शंका, १० जीबी थोडं जास्त नाही का? मी कुठेतरी वाचलंय की रॅमच्या ४० टक्केच लिहिलं जातं.


टर्मिनल_भाऊ | मंगळवार, सकाळी १०:२०

ताई, बरोबर वाचलंय, पण अर्धंच. /सिस/पॉवर/इमेज_साइज मध्ये जो आकडा असतो तो सुरुवातीला रॅमच्या साधारण दोन पंचमांश असतो. ते उद्दिष्ट आहे, भिंत नाही. रॅममध्ये जास्त भरलेलं असेल तर कर्नल आधी जागा मोकळी करायला बघतं, आणि मोकळी करताना काही पानं (रॅमचे तुकडे) स्वॅपमध्येच ढकलतं. म्हणजे चित्रालाही स्वॅप आणि ढकललेल्यालाही स्वॅप. लिहिताना दाबून लिहितं हे खरं, पण किती दबेल याचा भरवसा नाही. २५६ जीबीच्या डिस्कवर १० जीबीसाठी कंजूषी करू नये. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) वापरत असाल तर मात्र ते ह्यात मोजू नका. ते रॅममध्येच राहतं, रॅम विझली की तेही गेलं.


जॅकार्डवाला_सोलापूर | मंगळवार, रात्री ११:०२

चाललं! चाललं बगा!

पहिल्या कमांडचं उत्तर आता ८:५ येतंय. अर्धा मिनिटाचं थांबणंही गेलं. आधी नोट उघडी ठेवून केलं, नोट परत आली. मग धीर करून गिंप. मोराच्या पिसाऱ्याचं एक डिझाइन चालू आहे, त्यात एका डोळ्यावर आठशे टक्के झूम करून ठेवलं, कर्सर निळ्या घरावर. हायबरनेट. चहा पिऊन आलो. बटण दाबलं, पासवर्ड टाकला, आणि समोर तोच डोळा. निळा रंग तसाच उचललेला. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, यात काय, टीव्ही पण लावला की तेच चॅनल लागतंय.

एक विचारायचं राहिलं. गिंपच्या सेटिंगमध्येपण स्वॅपची फोल्डर आहे. ती पण बदलायची का?


निवृत्त_लॅबवाला | बुधवार, सकाळी ६:४०

गिंपचा स्वॅप म्हणजे गिंपची स्वतःची अडगळीची खोली. चित्र मोठं झालं की तुकडे तिथं ठेवतो. सिस्टमच्या स्वॅपशी त्याचा संबंध नाही, हात लावू नका.

पण मूळ प्रश्न तुम्ही विसरलात असं दिसतंय. लाइट जाईल तेव्हा तुम्ही लॅपटॉपसमोर असालच असं नाही. चहाला गेला असाल, कारखान्यात असाल. हायबरनेटची कमांड देणार कोण? ते काम यूपॉवरचं, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचं. /ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ उघडा. क्रिटिकलपॉवरअ‍ॅक्शन मध्ये हायब्रिडस्लीप असेल, तिथं हायबरनेट लिहा. पर्सेंटेजअ‍ॅक्शन मध्ये २ असेल. तुमची बॅटरी तीसला मान टाकते, तेव्हा २ ची वाट बघणं व्यर्थ. ते वाढवा. यूपॉवर सेवा रीस्टार्ट करा.

तुमच्या कामापुरतं पॉलकिटच्या (कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) भानगडीत पडू नका. उबंटूनं २०१२ च्या १२.०४ आवृत्तीपासून साध्या वापरकर्त्याला हायबरनेट बंद ठेवलंय, म्हणून मेनूत बटण हवं असेल तर पॉलकिटमध्ये परवानगी घालावी लागते. यूपॉवर रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्कानं चालतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.


जॅकार्डवाला_सोलापूर | बुधवार, संध्याकाळी ६:१५

सर, तुम्ही म्हणालात तसं केलं. पर्सेंटेजअ‍ॅक्शन ३५ केलं. चार्जर काढून समोर बसलो. पस्तीस आलं, गेलं. चौतीस, तेहेतीस, बत्तीस. काही नाही. एकतीस. काही नाही. आणि मग धाडकन बंद. शेंगाची चटणी लावलेली भाकरी हातात तशीच राहिली.

मग ती फाइल सावकाश वाचली. वरच्या टिपेत लिहिलंय की तीन आकडे उतरत्या क्रमानं पाहिजेत, पर्सेंटेजलो सगळ्यात मोठा, मग क्रिटिकल, मग अ‍ॅक्शन. क्रम चुकला तर तिन्ही आकडे सोडून देऊन तो आपले मूळचे धरतो. आणि कुठं तक्रारपण करत नाही! माझं लो २०, क्रिटिकल ५ आणि अ‍ॅक्शन ३५. म्हणजे तो परत २ वरच गेला होता. आता लो ५०, क्रिटिकल ४५, अ‍ॅक्शन ४० केलं. चाळीसला आपोआप झोपला, डिस्कचा दिवा विझला, तेव्हा बॅटरी जिवंत होती.

यूपॉवर -डी दिलं की सगळ्यात खाली क्रिटिकल-अ‍ॅक्शन: हायबरनेट असं दिसतं. तिथं पॉवरऑफ दिसलं तर हायबरनेट त्याला जमत नाही असं समजायचं, हे माझं मी शोधलं.


निवृत्त_लॅबवाला | बुधवार, संध्याकाळी ७:०५

क्रमाचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. भाकरीबद्दल क्षमस्व.


जॅकार्डवाला_सोलापूर | रविवार, दुपारी ३:२०

मंडळी, वाईट बातमी. मोर गेला.

काल दुपारी लाइट गेली, लॅपटॉप चाळीसला आपोआप झोपला. सगळं ठरल्यासारखं. तासाभरानं लाइट आली तेवढ्यात कारखान्याचा माणूस दुसऱ्याच एका डिझाइनची कार्डं न्यायला दारात. तो घाईत. मी बटण दाबलं, ग्रबची यादी आली, त्यात विंडोज निवडलं, पंचिंगची फाइल तयार केली, डी ड्राइव्हवर डिझाइनच्याच फोल्डरमध्ये टाकली, कार्डं काढून दिली. विंडोज बंद केलं. मग उबंटू लावलं, ते जिथं झोपलं होतं तिथनं छान उठलं, मोर समोर. दोन तास काम केलं, सेव्ह केलं. दोनदा केलं.

आज सकाळी विंडोज लावलं तर डिस्क तपासायला बसलं. तपासून झाल्यावर फोल्डरमध्ये मोराची फाइल नाही. काल केलेली पंचिंगची फाइल आहे पण उघडत नाही. आणि डी ड्राइव्हवर 'फाउंड.०००' नावाची एक फोल्डर, आत असली-नसली नावं.

गुरुवारची एक कॉपी होममध्ये सापडली. म्हणजे दोन दिवसांची बॉर्डर गेली. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आहे, त्यावरनं घरं मोजत बसावं लागणार. माझं नक्की काय चुकलं?


टर्मिनल_भाऊ | रविवार, दुपारी ४:१०

दादा, तुमचं नाही, माझं चुकलं. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलं होतं, विंडोज आहे, डिझाइनं डी ड्राइव्हवर, दोन्हीकडून उघडतात. मी त्या अर्ध्या मिनिटाच्या मागं धावलो आणि हे वाचूनही सोडून दिलं. तेव्हाच ओरडायला हवं होतं.

झालं असं. उबंटू झोपलं तेव्हा डी ड्राइव्ह माउंट होता, म्हणजे उबंटूला जोडलेला होता. कोणती फाइल कुठं, कोणती जागा रिकामी, याची जी टाचणं त्याच्या रॅममध्ये होती ती चित्रासकट स्वॅपमध्ये गेली. उठल्यावर ते डिस्क पुन्हा वाचत नाही, टाचणांवरच विश्वास ठेवतं, कारण त्याच्या लेखी मध्ये वेळ गेलेलाच नाही. मधल्या वेळात विंडोजनं त्याच रिकाम्या जागेत पंचिंगची फाइल लिहिली. मग तुम्ही मोर सेव्ह केला आणि उबंटूनं जुन्या टाचणांनुसार त्याच जागेत मोर लिहिला. दोघांनी एकमेकांवर लिहिलं. विंडोजच्या तपासणीला ताळमेळ लागेना, त्यानं तुकडे गोळा करून फाउंडमध्ये टाकले.

कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांत हायबरनेटच्या पानावर अगदी वरच हा इशारा आहे, झोपवल्यावर आणि उठवण्याआधी डिस्कवरच्या कशालाही हात लावलात तर डेटावर पाणी सोडा, अशा अर्थाचा.

उलट्या बाजूनंही हेच. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज 'शट डाउन' करताना स्वतः अर्धवट हायबरनेट होतं. तेही बंद करा.


जॅकार्डवाला_सोलापूर | रविवार, रात्री ९:३०

भाऊ, तुमची काय चूक. आता मला माझ्या भाषेत कळलं. माग थांबलेला असताना कोणी साखळीवरची कार्डं हातानं दहा पुढं सरकवली, तर लाइट आल्यावर माग काय बोंब मारत नाही. तो आपला विणत सुटतो. कापड पण निघतं. मोराची मान मात्र पिसाऱ्यात जाते, आणि ते कळतं चादर मागावरनं उतरल्यावर. आमच्याकडं थांबलेल्या मागाला मुकादमाशिवाय कोणी हात लावत नाही, ते ह्याचसाठी.

आता हायबरनेटच्या आधी डी ड्राइव्ह आपोआप अनमाउंट होईल असं काही करता येतं का?


निवृत्त_लॅबवाला | सोमवार, सकाळी ६:२५

येतं. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप/ मध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आणि ती चालवण्याजोगी केली, की झोपण्याआधी सिस्टमडी तिला 'प्री' म्हणून आणि उठल्यावर 'पोस्ट' म्हणून हाक मारतो. प्रीमध्ये अनमाउंट लिहायचं.

पण तुमच्या बाबतीत मी ते करणार नाही. त्या ड्राइव्हवरची एखादी फाइल कोणत्याही प्रोग्रामनं उघडी धरली असेल तर अनमाउंट 'बिझी' म्हणून नकार देईल, आणि स्क्रिप्टनं नकार दिला तरी मशीन झोपायचं थांबत नाही. म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवशी दगा. बॅटरी चाळीसला असताना ते बघायला तुम्ही समोर नसणार.

साधा मार्ग घ्या. डिझाइनं होममध्ये. उबंटूतून डी ड्राइव्ह उघडायचाच नाही. फाइल्सच्या खिडकीत चुकून टिचकी पडली तरी तो माउंट होतो, म्हणून /ईटीसी/एफएसटॅब (डिस्कचे भाग जोडायची यादी) मध्ये त्या पार्टिशनच्या ओळीत नोऑटो टाका आणि यूझर हा पर्याय टाकू नका, मग पासवर्ड मागितल्याशिवाय तो उघडणार नाही. तयार फाइल पंचिंगला न्यायची तर पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह इजेक्ट करूनच काढायचा.

आणि विंडोजमध्ये जायचं असेल तर आधी उबंटू उठवा, नीट शट डाउन करा, मग जा. ग्रबची यादी तुम्हाला अडवणार नाही. आत कोणी झोपलंय हे ती सांगत नाही.


जॅकार्डवाला_सोलापूर | सोमवार, दुपारी १:१०

केलं तसं. ग्रबची वेळ पण दहा सेकंदांवरनं दोनवर आणली, म्हणजे घाईत बोट पडायला नको. एक जुना पेनड्राइव्ह आहे, त्याला लाल लोकर बांधून ठेवलीय, 'पंचिंग' म्हणून.

बॉर्डर परत भरायला घेतलीय. एकशे वीस घरं झाली.


नवा_माग | सोमवार, रात्री ८:४५

धागा वाचून माझ्याकडं पण केलं, इचलकरंजीत आहे. मी २४.०४ वर आहे आणि मला मेनूत बटण पाहिजे. जुन्या लेखात सांगितल्याप्रमाणे /ईटीसी/पॉलकिट-१/लोकलअथॉरिटी/ मध्ये पीकेएलए (परवानगीची जुन्या पद्धतीची) फाइल टाकली. काहीच होत नाही. स्वॅप पण एकदा मोठं केलं, त्यानंतर तर सुडोनंपण हायबरनेट होत नाही.


टर्मिनल_भाऊ | सोमवार, रात्री ९:३०

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २४.०४ मधला पॉलकिट नवा आहे, तो पीकेएलए वाचत नाही. आता नियम /ईटीसी/पॉलकिट-१/रूल्स.डी/ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा, फाइलचं नाव डॉट रूल्सनं संपलं पाहिजे. त्यात ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.लॉगिन१.हायबरनेट ह्या कृतीला 'येस' परत द्यायचं. ग्नोमच्या (उबंटूच्या डेस्कटॉपच्या) मेनूत बटण तरीही येणार नाही, त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतं.

स्वॅपचं म्हणाल तर फाइल काढून नवी केली की ती डिस्कवर दुसऱ्या जागी बसते. म्हणजे ऑफसेट बदलला. ग्रबमध्ये जुनाच आकडा असेल तर जे स्वॅप चालू आहे आणि जे तुम्ही सांगितलंय ते जुळत नाही, म्हणून नकार येतो. फाइलफ्रॅग पुन्हा, ग्रब पुन्हा, रीस्टार्ट. यूयूआयडी तोच राहील, पार्टिशन बदललेलं नाही.

आणि तुमच्याकडं विंडोज आहे का, हे ह्या वेळी मी आधी विचारतो.


नवा_माग | सोमवार, रात्री ९:३४

आहे.


जॅकार्डवाला_सोलापूर | सोमवार, रात्री ९:३६

वरचं सगळं परत वाचा भाऊ. मोरापासनं.